‘कुटुंब पास’बाबत तक्रार आणि अंशतः परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
महोत्सव आयोजक कंपनी

विषय : शहराच्या मध्यवस्तीत अनेक ठिकाणी भरलेल्या संगीत महोत्सवाचा ‘कुटुंब पास’ आणि त्यात न मिळालेली सेवा

महोदय / महोदया,

आपल्या महोत्सवाचा दोन मोठे आणि दोन मुले असा कुटुंब पास आम्ही घेतला होता. विक्रीच्या पानावर ‘सर्व ठिकाणी, सर्व दिवस, सर्वांसाठी’ असे शब्द होते. कलाकारांबद्दल आमची काही तक्रार नाही. मंचावरच्या मंडळींनी जीव ओतून कार्यक्रम केले, मुलांनीही ते मनापासून ऐकले. तक्रार नियोजनाबद्दल आहे. हा पास म्हणजे चार सुट्या पासांची जुडी निघाली. कुटुंब हळू चालते, मधेच बाहेर पडते आणि आत जायचे तर सगळे एकदम जाते, याचा विचार दारे, वेळा आणि जागा ठरवताना झालेला दिसला नाही.

सर्वांत आधी वयाच्या अटीविषयी, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिथून सुरू होतात. अकरा ठिकाणांपैकी चार ठिकाणी मद्य मिळत असल्याने अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नव्हता. ही अट आम्हाला कळली ती थेट दारात. जागेचा परवाना काही महोत्सवाच्या आदल्या दिवशी निघत नाही, त्यामुळे जागेशी करार करतानाच अट आपल्या हातात आलेली असणार. तरीही पास विकताना तिचा उल्लेख नव्हता, वेळापत्रकात नव्हता आणि नकाशावरही नव्हता. आणखी दोन ठिकाणी रात्री आठनंतर अट बदलत होती, म्हणजे सात वाजता मुलांना घेऊन आत बसलेल्या कुटुंबाला पुढच्या कार्यक्रमाआधी उठावे लागत होते. अशा जागांसाठी ठिकाणाच्या नावापुढे एक खूण करून भागत नाही. ‘सर्व वयोगट’, ‘पालकांसोबत’ किंवा ‘१८ वर्षांवरील’ असे प्रत्येक कार्यक्रमापुढे लिहायला हवे, आणि ते पैसे भरण्याच्या आधी दिसायला हवे.

याचा गर्दीवर काय परिणाम होतो तेही पाहावे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत कागदावर सात मंच चालू होते. वयाची अट असलेले आणि पुढच्या कार्यक्रमाच्या ध्वनितपासणीसाठी बंद ठेवलेले मंच वजा केले, तर मुलांसह आलेल्यांना दोनच उरत होते. महोत्सवातली सगळी कुटुंबे त्याच दोन ठिकाणी लोटली. एकूण पास आणि एकूण क्षमता यांचा मेळ बसला की काम झाले, असे होत नाही. दर तासाला चालू असलेल्या आणि मुलांना खुल्या असलेल्या जागांची क्षमता वेगळी काढावी लागते. कुटुंब पास किती विकायचे ते त्या आकड्यावर ठरते.

आता चालण्याच्या वेळेविषयी. मैदानावरच्या मोठ्या मंचापासून जुन्या नाट्यगृहापर्यंतचे अंतर आपल्याच नकाशावर ९०० मीटर दिले आहे आणि ‘चालत ११ मिनिटे’ असे लिहिले आहे. सेकंदाला साधारण १.३५ मीटर या वेगाने मोकळ्या पदपथावर चालणाऱ्या मोठ्या माणसासाठी हे बरोबर आहे. पाच-सहा वर्षांचे मूल हात धरून चालते तेव्हा वेग ०.८ मीटरवर येतो आणि तेवढ्याच अंतराला १९ मिनिटे लागतात. रस्ता ओलांडताना सिग्नल, पदपथाच्या कडेला बाबागाडी उचलणे आणि मैदानातून बाहेर पडण्याची रांग हे त्यावर. वेळापत्रकात दोन कार्यक्रमांमध्ये १५ मिनिटे होती. म्हणजे पहिला कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला तर दुसऱ्याची सुरुवात हुकणार, हे छापतानाच ठरलेले होते. त्यात मैदानावर दुपारपासून दिरंगाई साचत गेली. दोन कलाकारांमध्ये वाद्ये बदलून तारा आणि माइक तपासायला वेळ कमी ठेवला की पहिला उशीर शेवटच्या कार्यक्रमापर्यंत ढकलला जातो. नाट्यगृह मात्र वेळेवर चालले होते. ॲपमध्ये मैदानाच्या नव्या वेळा आल्या नाहीत, त्यामुळे कोणता कार्यक्रम सोडून कुठे जायचे हे ठरवायला काही आधारच नव्हता.

ॲपचे थोडक्यात. गर्दीत मोबाइलचा डेटा अडकतो हे प्रत्येक आयोजकाला ठाऊक असते. वेळापत्रक आणि नकाशा फोनमध्ये साठवून ठेवण्याची सोय ॲपमध्ये असायला हवी होती. प्रत्येक वेळी ते सर्व्हरकडून मागवले जात होते आणि पडदा पांढराच राहत होता. तातडीचा बदल एसएमएसने कळवावा. डेटा अडकलेला असतानाही तो बऱ्याचदा पोहोचतो.

नाट्यगृहाच्या दाराचे नीट सांगावे लागेल. दारावर पिशव्या तपासायला दोन टेबले होती. एका माणसाला दहा सेकंद धरले तर दोन टेबलांवरून मिनिटाला बारा माणसे आत जातात. दार उघडले कार्यक्रमाच्या २० मिनिटे आधी, म्हणजे सुरुवातीपर्यंत आत गेली २४० माणसे. सभागृह ५०० जणांचे होते. बाळाची पिशवी असली तर वेळ आणखी लागतो : दुधाच्या बाटल्या, डबे, लंगोट, औषध, सगळे बाहेर काढून परत भरायचे. त्यात मिनिट सहज जाते आणि मागची रांग चिडते. अशा दारावर तिसरे टेबल फक्त लहान मुलांच्या पिशव्यांसाठी ठेवले तर दोन्ही रांगा मोकळ्या होतात.

सभागृह भरल्यावर ‘एक बाहेर, एक आत’ सुरू झाले. दारावरच्या माणसाच्या दोन हातांत दोन मोजणी-यंत्रे होती, आत येणाऱ्यांचे उजव्या हातात आणि बाहेर जाणाऱ्यांचे डाव्या हातात. बाहेरचे एकदा वाजले की आतले एकदा वाजायचे, आणि मग तो रांगेतल्या पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा. हा नियम सुरक्षिततेसाठीच असतो आणि तो मोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण चौघांच्या कुटुंबापुढे त्याचा अर्थ असा होता की एकाला आत घेतले आणि तिघे बाहेर थांबले. ‘तुम्ही एक मूल घेऊन जा, बाकीचे मागून येतील’ असे सांगण्यात आले. कार्यक्रम रंगात असताना माणसे एकेक करून क्वचितच उठतात. बाहेर पडणारी लाट येते ती शेवटच्या टाळ्यांनंतर. त्यामुळे अर्धे कुटुंब आत आणि अर्धे बाहेर, अशी स्थिती तासभर राहू शकते. फोन लागत नसलेल्या गर्दीत ही फाटाफूट धोक्याची आहे आणि तिला कारण दारावरची सूचना होती. उपाय सोपा आहे. कुटुंब रांगेत पुढे आले की चार जण बाहेर पडेपर्यंत मोजणी थांबवायची आणि मग चौघांना एकदम सोडायचे. आतल्या माणसांचा आकडा तोच राहतो. किंवा प्रत्येक सभागृहात थोड्या जागा कुटुंबांसाठी राखून ठेवायच्या आणि कार्यक्रमाला दहा मिनिटे उरली की रिकाम्या असतील त्या सगळ्यांना खुल्या करायच्या.

मुलाला स्वच्छतागृहात नेण्यासाठी बाहेर पडल्यास परत रांगेच्या शेवटी उभे राहावे लागत होते. याला तर काहीच कारण नाही. वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यावी, तेवढी माणसे आतच आहेत असे धरून मोजणी तशीच ठेवावी आणि पंधरा मिनिटांत परतल्यास बाजूच्या दाराने आत घ्यावे. बाळाचे कपडे बदलायची सोय अकरांपैकी फक्त दोन ठिकाणी सापडली, त्यांतली एक वयाची अट असलेल्या जागी होती.

कार्यक्रम संपताना जे झाले ते याहून गंभीर होते. बाहेर पडणारे आणि पुढच्या कार्यक्रमासाठी आत येणारे एकाच दारात समोरासमोर आले. चौरस मीटरला दोन माणसे असतील तर प्रत्येक जण आपापल्या वेगाने सरकू शकतो. पाचच्या पुढे गेली की आपले पाऊल आपल्या हातात राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जावे लागते. लहान मुलाचे डोके मोठ्यांच्या कमरेपाशी असते. त्याला वाट दिसत नाही, हवाही कमी मिळते, आणि मागून ढकलणाऱ्याला ते दिसत नाही. त्या दारात आम्ही मुलांना खांद्यावर घेतले, कारण दुसरा मार्ग नव्हता. नाट्यगृहाला बाजूचा दरवाजा आहे आणि तो बंद होता. बाहेर जाणाऱ्यांसाठी तो उघडून आत येणाऱ्यांची रांग सभागृह रिकामे होईपर्यंत दोरीमागे थांबवली असती, तर हे घडले नसते.

आता आवाज. मैदानावर कुटुंबांसाठी दोरीने वेगळी केलेली जागा होती, याबद्दल सुरुवातीला बरे वाटले. पण ती होती मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, स्पीकरच्या ढिगापासून फार तर पाच मीटरवर. तिथे जागा रिकामी राहते त्याला कारण असते : मंच तिरका दिसतो आणि आवाज सोसत नाही. अशी उरलेली जागा मुलांना द्यायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी जे मानक दिले, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. त्यासोबत आवाजाची सतत नोंद, प्रेक्षकांसाठी कानांचे संरक्षण आणि विसाव्यासाठी शांत जागाही सांगितली आहे. आपल्याकडे यांतले काही मिळाले नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला आठ तास धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतात. त्या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे मिळतात, आणि हा हिशोब कामाच्या जागी असलेल्या प्रौढांचा आहे. मुलांसाठी तो सुरक्षिततेची हमी म्हणून वापरता येत नाही.

मोकळ्या जागेत छोट्या स्रोताचा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल उतरतो. उभ्या ओळीत टांगलेल्या स्पीकरांचा त्याहून कमी उतरतो. तरी तीच कुटुंबांची जागा मिश्रण-टेबलाच्या (ध्वनितंत्रज्ञ जिथून आवाज सांभाळतो त्या टेबलाच्या) मागे, मध्यभागी नेली असती तर फरक मोठा पडला असता आणि मंचही समोर दिसला असता. आमच्या मुलांच्या कानांवर इअरमफ होते, ते आम्ही नेलेले. लहान मुलांच्या कानात फोमचे बोळे नीट बसत नाहीत, म्हणून इअरमफच लागतात, आणि तेही खालच्या पट्टीतला धमधमाट पुरता अडवत नाहीत. आपल्या मदतकेंद्रावर फक्त मोठ्यांच्या मापाचे फोम होते. फोनच्या ॲपवरचा आकडा आम्ही पुरावा म्हणून देत नाही, कारण फोनचा माइक एवढ्या आवाजात भरवशाचा राहत नाही. आपल्या ध्वनितंत्रज्ञाकडे मिश्रण-टेबलापाशी ठेवलेल्या मापकाची नोंद असेल तर ती आणि कुटुंबांच्या जागेवर केलेले मापन आम्हाला द्यावे. मापन केलेच नसेल, तर तसे लेखी कळवावे.

पास म्हणून मनगटावर बांधायच्या बँडबद्दलही लिहिणे भाग आहे. मुलांनाही मोठ्यांच्याच मापाचा कापडी बँड दिला गेला. त्याची प्लास्टिकची पकड एकाच दिशेने सरकते. बारीक मनगटावर पुरेशी आवळली तर कापडाची कडा रुतते, सैल ठेवली तर हात धुताना बँड बोटांवरून निसटतो. धाकट्याचा बँड असाच गेला. मदतकेंद्रावर ‘हरवलेला बँड बदलून मिळणार नाही’ असे उत्तर मिळाले. चिप असलेल्या बँडला हा नियम लावायचे कारण नाही. प्रत्येक चिपचा क्रमांक पासाशी जोडलेला असतो, जुना क्रमांक बंद करून नवा चालू करता येतो आणि मग सापडलेला बँड दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. मुलांसाठी अरुंद बँड वेगळे मागवता येतात. त्याच्या आतल्या बाजूला पालकांचा फोन क्रमांक लिहायला पांढरी पट्टी असावी, म्हणजे चुकलेले मूल कोणत्याही स्वयंसेवकाला पोहोचवता येईल. आपल्या स्वयंसेवकांना चुकलेल्या मुलाचे काय करायचे हे विचारले तेव्हा प्रत्येकाने वेगळे ठिकाण सांगितले. या गोष्टीकडे कृपया सर्वांत आधी लक्ष द्यावे.

बाबागाड्या सभागृहात न्यायला बंदी होती आणि ती योग्यच आहे, कारण आगीच्या वेळी वाट अडते. पण त्या ठेवायच्या कुठे याची सोय नव्हती. दाराजवळ क्रमांकाच्या चिठ्ठीवर गाड्या ठेवून घेणारा एक माणूस पुरला असता.

आमची मागणी अशी. वयाच्या अटीमुळे जी ठिकाणे मुलांसह पाहता आली नाहीत, तेवढ्या प्रमाणात कुटुंब पासाची रक्कम परत मिळावी. बँड न बदलून दिल्याने मुलाच्या पासाचे उरलेले दिवस वाया गेले, त्यांचे पैसे वेगळे मिळावेत. आवाजाच्या नोंदी आणि नाट्यगृहाचा बाजूचा दरवाजा बंद ठेवण्याचे कारण लेखी द्यावे. पुढच्या महोत्सवाचे कुटुंब पास विकायला काढण्याआधी प्रत्येक कार्यक्रमाची वयाची अट जाहीर करावी. पासाची पावती, विक्रीच्या पानाचे छायाचित्र, छापील वेळापत्रक आणि नकाशा सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन आम्ही ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाऊ.

कळावे,

आपले,
कुटुंब पासधारक