डोई, दर्जा आणि ओव्हरकोट

प्रिय अरविंद,

रशियन कादंबरी पन्नासाव्या पानावर सुटते, कारण नावंच लक्षात राहत नाहीत, असं लिहिलंस. नावांचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. स्वतःचं नाव, बापाच्या नावावरून केलेलं नाव आणि आडनाव. दोस्तोयेवस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'चा नायक घे: रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव. आई त्याला 'रोद्या' म्हणते, अदबीने बोलणारा 'रोदिओन रोमानोविच' म्हणतो. आपल्याकडे नावामागे 'राव' किंवा 'पंत' लावून जे साधतं, ते तिकडे बापाचं नाव साधतं. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर प्रत्येकाची दोन-तीन रूपं पेन्सिलीने लिहून ठेव, झालं.

त्याहून मोठं नुकसान आपल्या लक्षातही येत नाही. रशियनमध्ये मराठीसारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे, पण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्याला मग अंदाजच बांधावा लागतो. दोन माणसं नेमकी कोणत्या वाक्याला 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरली, हे अशा भाषांतरात हमखास चुकतं. म्हणून थेट रशियनवरून केलेलं भाषांतर मिळालं तर तेच घे.

आता लेखक गोगोल. त्याच्या 'मृत आत्मे' (१८४२) या कादंबरीचं नाव वाचून आपण अध्यात्माची अपेक्षा करतो आणि फसतो. तिथला 'आत्मा' म्हणजे आपली 'डोई'. डोईपट्टीतली, दरडोईतली. झार पीटरने भूदासांमधल्या (जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांमधल्या) पुरुषांवर डोईपट्टी बसवली आणि तिच्यासाठी शिरगणती सुरू केली. १७१९ पासून सुमारे १४० वर्षांत अशा फक्त दहा शिरगणत्या झाल्या. मधल्या काळात मेलेला माणूस कागदावर जिवंतच राहायचा आणि पुढच्या मोजणीपर्यंत मालक त्याची पट्टी भरत बसायचा. कादंबरीचा नायक चिचिकोव हीच फट हेरतो. मेलेल्या डोया कवडीमोलाने घ्यायच्या, आपण त्यांना खेर्सोन प्रांतात वसवायला नेतोय असं दाखवायचं आणि सरकारी पेढीकडे डोईमागे २०० रुबलने गहाण टाकायच्या. हजार डोया म्हणजे दोन लाख रुबल, आणि जमीन शून्य.

सौद्यांचे भाव वाचताना घाई करू नकोस, माणसं तिथेच उघडी पडतात. जमीनदार मनीलोव फुकट देऊन टाकतो. कोरोबोच्का म्हातारी १८ डोयांचे १५ रुबल घेते आणि बाजारात मेलेल्यांना जास्त भाव तर नसेल ना, या काळजीत पडते. सोबाकेविच डोईला १०० रुबलवर सुरू करून अडीचवर उतरतो, वर मेलेल्या सुताराच्या हाताचं कौतुकही ऐकवतो. एवढ्यावर थांबत नाही, यादीत एक बाई घुसडतो. शिरगणतीत बायकांना डोई नसते, म्हणून तिच्या नावाचं शेवटचं अक्षर बदलून तो तिला कागदावर पुरुष करून टाकतो. एका अक्षराची ही लबाडी भाषांतरात बहुधा विरून जाते, तळटीप असली तरच कळते.

मॉस्कोच्या सेन्सॉरने शीर्षकावरच हरकत घेतली: आत्मा अमर असतो, मृत कसा? शेवटी पुस्तक पीटर्सबर्गमधून मंजूर झालं, तेही आधी 'चिचिकोवची भ्रमंती' असं नाव जोडून. तो आक्षेप घेणारा गृहस्थ नकळत गोगोलचंच एखादं पात्र झाला, असं मला वाटतं.

डोईनंतर दर्जा. पीटरच्या १७२२ च्या दर्जांच्या तक्त्यात सरकारी नोकरीच्या १४ पायऱ्या होत्या आणि गोगोलच्याच 'ओव्हरकोट' कथेतला कारकून अकाकी नवव्या पायरीवर. आठवीला वंशपरंपरागत उमरावपद मिळायचं (ही अट १८४५ ला पाचव्या पायरीवर नेली), म्हणून नववा दर्जा हा बऱ्याच कारकुनांसाठी भिंतीला टेकलेला जिना होता. पगार वर्षाला ४०० रुबल. नव्या कोटाचे शिंपी पेत्रोविच १५० मागतो, अखेर सगळा खर्च मिळून ८० रुबलवर येतो, म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचा पगार. त्यासाठी संध्याकाळचा चहा बंद, मेणबत्ती बंद, तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्याने हलकं पाऊल. कॉलरला मार्टेन या मुंगसासारख्या प्राण्याची फर परवडत नाही, म्हणून मांजराची. पेत्रोविचची शिलाई १२ रुबल. एवढा हिशेब वाचकाच्या हातात दिल्यावर पहिल्याच रात्री कोट चोरीला जातो. वाचकाला ते लागतं, कारण एव्हाना त्यानेही हे ८० रुबल मोजलेले असतात. मग 'बडी असामी'कडे दाद मागायला गेलेला अकाकी दटावला जातो, आणि ते दटावणं अर्धं तरी समोर बसलेल्या जुन्या मित्रावर छाप पाडायला असतं.

तारखांचं एक लक्षात ठेव: एकोणिसाव्या शतकात रशियाचं पंचांग युरोपच्या १२ दिवस मागे होतं, विसाव्यात १३. म्हणून ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात येते.

'ओव्हरकोट' आधी वाच, एका बैठकीत संपतो. मग चिचिकोवकडे ये, पण त्याच्या गाडीच्या चाकावर गप्पा मारणारे पहिल्या पानावरचे ते दोघे शेतकरी पुढे कुठे भेटतील म्हणून शोधत बसू नकोस. ते पुन्हा येत नाहीत.

तुझा,
माधव