केबिनमधलं बाकडं बाहेर काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावात बहुतेक डॉक्टरांच्या केबिनमध्ये एक बाकडं असतं. एक पेशंट स्टूलवर आणि पुढचे दोन नंबर आतच त्या बाकड्यावर, म्हणजे बाहेरून बोलावण्यात वेळ जात नाही. गेल्या महिन्यात वहिनीला घेऊन गेले होते. ती स्टूलवर बसली, डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, आणि मागे बाकड्यावर आमच्याच आळीतले दुकानदार काका बसलेले. वहिनीने एकदा मागे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काही नाही, जरा अशक्तपणा वाटतो." टॉनिक मिळालं, आम्ही घरी.

खरं म्हणजे चार महिने तिला पाळीत प्रचंड जात होतं, गाठी पडत होत्या आणि तेच सांगायला आम्ही गेलो होतो. पुढे तीन आठवडे तिने परत अंगावर काढलं, शेवटी जिना चढताना चक्कर येऊन पडली तेव्हा तपासलं तर हिमोग्लोबिन 6, रक्त चढवावं लागलं. डॉक्टर चांगले आहेत हो, हाताला गुण आहे त्यांच्या, पण पेशंटने खरं सांगितलंच नाही तर ते तरी कशावर औषध देणार?

मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत लिहिलंय की पेशंटने सांगितलेलं डॉक्टरने बाहेर फोडायचं नाही, कोर्टाचा आदेश, कोणाच्या जिवाला धोका किंवा सरकारला कळवायचे आजार असे मोजकेच अपवाद आहेत. पण इथे डॉक्टरांनी बाहेर सांगायची गरजच पडत नाही ना, ऐकणारे आतच बसलेत! महाराष्ट्रात नर्सिंग होमसाठी 2021 मध्ये रुग्णहक्कांची सनद आली, ती दर्शनी भागात लावायची असते आणि त्यात तपासणीच्या वेळच्या खासगीपणाचा हक्क स्पष्ट दिलाय, पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत दुसरी बाई हवी हे पण. मी तरी आमच्याकडे ती कुठे लावलेली बघितली नाही.

टीबीचं तर विचारूच नका. खासगी डॉक्टरांनी टीबीचा पेशंट सरकारला कळवणं 2012 पासून सक्तीचं आहे आणि ते बरोबरच आहे, पण कळवायचं सरकारला, भरलेल्या वेटिंग रूमला नाही. आमच्याकडे कंपाउंडर काउंटरवरून ओरडतो, "टीबीच्या गोळ्या कोणाच्या?" लग्नाची पोरगी उठून कशी जाईल तिथे? आणि लॅबचे रिपोर्ट एका ट्रेमध्ये उघडे पडलेले असतात, आपला शोधताना दहा जणांचे वाचून होतात.

दिवसाला शंभर पेशंट बघायचे म्हटल्यावर डॉक्टरांची ओढाताण होते हे मान्य आहे, पण बाकडं दाराबाहेर ठेवायला, रिपोर्ट पाकिटात घालायला आणि आजाराऐवजी नंबर पुकारायला असा किती खर्च येतो?

वहिनी आता दुसऱ्या गावातल्या बाई डॉक्टरांकडे जाते, एसटीने पाऊण तास लागतो. त्या आधी दार लावून घेतात मग विचारतात. पहिल्याच दिवशी वहिनी दहा मिनिटं सलग बोलली, मधे रडली पण, आणि गाठींचं सगळं स्वतःहून सांगितलं.

पत्र छापलंत तर माझं नाव आणि गाव कृपया छापू नका, दुकानदार काकांकडे तुमचाच पेपर येतो.

— एक वाचक, सातारा जिल्हा