जेटीखालची जुनी जाळी कोण काढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मी आणि माझा भाचा गरी टाकायला, म्हणजे गळाने मासे धरायला, मांडवी नदीच्या काठी एका जुन्या जेटीवर गेलो. जेटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की सगळं त्या एका गावावर जातं आणि मी जे सांगणार आहे ते गोव्यात तिसवाडीपासून बार्देशपर्यंत कुठल्याही जेटीवर वाकून बघितलं तरी दिसेल. तिथे माझ्या हातून चोणक गेला, पायरीपासून चार फुटांवरून. वीस वर्षं गरी टाकतोय, एवढा मासा माझ्या दोरीला कधी लागला नव्हता. तो का गेला ते दुपारी कळलं, आणि कळल्यापासून डोक्यातून जात नाही म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चोणक म्हणजे रायगडकडचे लोक ज्याला जिताडा म्हणतात तोच. नवमी होती, म्हणजे भांगाचं पाणी, फार चढत नाही आणि फार उतरत पण नाही, सहाच्या सुमारास भरती पूर्ण झाली आणि साडेसहानंतर पाणी उतरायला लागलं. खाजनातलं, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातलं पाणी मानशीतून, त्या बांधाच्या दारातून, बाहेर पडायला लागलं की त्याच्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारीक शेवटे मासे नदीत येतात, आणि चोणक तिथेच कुठेतरी खांबाच्या, दगडाच्या आडोशाला वाट बघत उभा असतो, त्याला धावाधाव करावी लागत नाही. आम्ही वीतभर लांबीचा जिवंत शेवटो लावला होता, वरच्या ओठात एकच गरी, गरीजवळ पन्नास पौंडी लीडर, म्हणजे जाड दोराचा तुकडा, मागे तीस पौंडी ब्रेड लाईन, म्हणजे विणलेला बारीक दोर. सव्वासातला दोर एकदम थांबला, जरा सरकला, परत थांबला आणि मग रिळाने जो आवाज काढला तो ऐकून चोडणेच्या फेरीबोटीची वाट बघत उभे असलेले दोन जण धावत पायऱ्यांवर आले.

पहिल्या उडीतच अख्खा दिसला. चांदीसारखं अंग, पाठीवर जरा सोनेरी झाक, तोंड उघडं, डोकं डावी-उजवीकडे आपटत होता. चोणक असा उडून डोकं झाडतो तेव्हाच बहुतेकांचा सुटतो, कारण दोर सैल पडला की गरी निसटते, आणि त्याच्या गालफडाची कड अशी धारदार असते की हात लावला तर बोट कापतं, पातळ दोर तर लगेच तुटतो. म्हणून उडी मारायला लागला की रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरायचं, दोर ताठ ठेवायचा आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या वर न्यायचा नाही. हे सगळं मी केलं. तीन वेळा उडाला, दोनदा जुन्या खांबांकडे धावला, दोन्ही वेळा रॉड आडवा धरून त्याचं डोकं फिरवलं. वीस मिनिटं गेली असतील. शेवटी तो आडवा पडला, एका कुशीवर, आणि हळूहळू पायरीकडे यायला लागला. ती पायरी मी नंतर टेपने मोजली, तीन फूट दोन इंच. तो तिच्या समोर आडवा आला तेव्हा तोंड एका कडेला होतं आणि शेपूट दुसऱ्या कडेच्या बाहेर. दहा किलोच्या आत नव्हता हे मी शपथेवर सांगतो.

भाचा चौदा वर्षांचा आहे. त्याला मी दोन वर्षं हेच शिकवलंय की दांड्याचं जाळं माशाच्या मागे घेऊन धावायचं नाही, ते आधीच पाण्यात धरून ठेवायचं आणि मासा डोक्याकडून आत घ्यायचा, शेपटीला जाळं लागलं तर तो उधळतोच. पोराने तसंच धरलं होतं, गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी, हात जरासुद्धा हलत नव्हते. चार फूट राहिले होते. आणि चोणकाने एकदाच खाली डोकं घातलं. जोरात पण नाही, थकलेला मासा शेवटी एकदा वळतो तसं. आणि दोर अडकला. मासा ओढतोय असं वाटत नव्हतं, जमिनीला बांधल्यासारखा दोर थांबला, रॉडचा बाक तसाच, रीळ गप्प. पाण्याखाली मासा मात्र हलताना दिसत होता, मी ओढतोय ते त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि तो ओढतोय ते माझ्यापर्यंत येत नाही. मधे कुठेतरी दोर धरला गेला की रॉडची लवचिकता, ड्रॅग, सगळं फुकट जातं, माशाचं सगळं वजन त्या दोन हात लीडरवर येतं. त्याने एक झटका दिला आणि दोर सुटा झाला. तो तिथेच क्षणभर राहिला, मला वाटतं त्यालाही कळलं नसावं, मग शेपटी हलवून खाली गेला. तोंडात गरी आणि फूटभर लीडर घेऊनच.

भाच्याने घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही आणि दुपारी जेवला पण नाही. माझी बहीण म्हणाली काय झालं, तर म्हणतो मामाचा मासा माझ्यामुळे गेला. मी कितीही सांगितलं तरी त्याला पटेना, म्हणून साडेबाराला ओहोटी पूर्ण झाली तेव्हा त्याला घेऊन परत जेटीवर गेलो.

पायरीच्या खाली, जिथे सकाळी चोणक वळला तिथे, खांबाच्या गंजलेल्या बोल्टला हिरवं नायलॉनचं जाळं अडकलेलं होतं. भांगाची ओहोटी असल्यामुळे वरचा भागच उघडा पडला होता, बाकीचं खाली चिखलात गेलेलं. त्याच्यावर कालवं धरलेली, म्हणजे किती दिवसांचं असेल बघा. आणि माझ्या लीडरचा तुकडा त्यातच गुंतलेला मिळाला. गाठ सुटली असती तर दोराचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं मिळतं, हे टोक सरळ होतं आणि खरखरीत, पांढरं पडलेलं, कालवांच्या धारेवर घासून तुटल्याचं. ते टोक मी भाच्याच्या बोटांवरून फिरवलं तेव्हा कुठे त्याला पटलं.

त्या जाळ्यात काय काय होतं ते सांगतो. शेवटे, चार-पाच, अर्धे कुजलेले. दोन कुर्ल्या, एक जिवंत होती, ती कापून सोडली. एका बाजूला पाणकावळ्याचं पीस लागलेलं आणि खाली हाडं. जेटीवर रोज बसणारे एक म्हातारे काका आहेत, त्यांनी स्वतः आयुष्यभर पागेर (हाताने फेकायचं जाळं) टाकलाय, ते म्हणाले की बाबा, हे तीन पावसाळे इथेच आहे. ह्याला मालक नाही, पण ते रोज मासे धरतं.

हे वाक्य मला फार लागलं. त्यांनीच सांगितलं की त्यांच्या लहानपणी सुताची जाळी असायची, साल उकळून त्या पाण्यात भिजवून ठेवायची तरी काही वर्षांत कुजायचीच, हरवलं तरी नदी ते खाऊन टाकायची. नायलॉन कुजत नाही. आणि पाण्यापेक्षा जड असतं म्हणून तरंगत पण नाही, तळाला जाऊन बसतं, दगडाला, खांबाला अडकतं आणि कोणाला दिसत नाही. त्यात अडकलेला मासा मरतो, त्याला खायला कुर्ली येते ती अडकते, कुर्लीला खायला पक्षी येतो तो अडकतो. ते कोणाच्या ताटात जात नाही, कोणाच्या टोपलीत जात नाही.

कोणी मला विचारेल की तू तरी त्या चोणकाचं काय करणार होतास, मारणारच होतास ना. हो, घरी नेणार होतो. आमच्या घरात अकरा माणसं, पाच दिवस शिवराक (शाकाहारी) खाल्लेलं, त्या दिवशी सगळ्यांना पुरला असता आणि शेजारी पण दोन तुकडे गेले असते. माशाचं असं होणं मला बरोबर वाटतं, गोव्यातला माणूस नुस्त्यावरच, मासळीवरच वाढतो. पण तोच मासा जेटीखाली कुजून जाणं मला सहन होत नाही. त्यात चोणकाची गोष्ट अशी आहे की हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, म्हणजे तीन फुटांच्या पुढचे बहुतेक चोणक माद्याच, एकेक मादी लाखो अंडी घालते आणि त्यासाठी पावसाळ्याच्या दिवसांत नदीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरते. म्हणजे ह्याच नदीतून, ह्याच जेट्यांच्या खालून. मी ज्याला तो तो म्हणतोय ती बहुतेक तीच होती. हे कळल्यापासून मी ठरवलंय की ह्याच्या पुढे एवढी मोठी पावसात लागली तर मोजायची, बघायची आणि सोडायची. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

मच्छीमार भावांवर माझा राग नाही हे स्पष्ट लिहितो. जाळं स्वस्त नसतं, मुद्दाम कोणी फेकत नाही, बार्जच्या पंख्यात जातं, वाहून आलेल्या ओंडक्याला अडकून फाटतं, उधाणात तुटून जातं. पण फाटकं जाळं काठावर आणल्यावर ते टाकायचं कुठे हा प्रश्न आहेच, कारण जेटीवर त्यासाठी जागाच नाही, कचऱ्याची गाडी एवढं मोठं बोचकं घेत नाही, मग ते जेटीच्या कोपऱ्यात पडून राहतं आणि पहिल्या उधाणात परत पाण्यात. जहाजांनी, होड्यांनी समुद्रात प्लास्टिक टाकू नये हा आंतरराष्ट्रीय नियम, मारपोल कराराचं पाचवं परिशिष्ट, १९८८ च्या अखेरीपासून लागू आहे आणि त्यात नायलॉनसारखी जाळी नाव घेऊन धरलेली आहेत. जाळ्यावर मालकाची खूण असावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर सगळं आहे, जेटीवर एक पिंप नाही.

केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमारांनीच जाळ्यात येणारं प्लास्टिक परत किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली, तिथे ते धुऊन बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं गेलं. आपल्याकडे तर वेळ पण आयती आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, ६१ दिवस ट्रॉलर नांगरलेले, सगळीकडे जाळी बाहेर काढून दुरुस्त करायचं काम चालू असतं, जुनी जाळी तेव्हाच बाजूला पडतात. त्या दोन महिन्यांत प्रत्येक जेटीवर एक बंद पिंजरा ठेवला आणि जुन्या जाळ्याला किलोमागे थोडे पैसे दिले तर कोणी कशाला टाकेल? मत्स्योद्योग खात्याने आणि पंचायतींनी एवढं करावं ही हात जोडून विनंती आहे. आणि गरी टाकणाऱ्या माझ्या मित्रांना पण सांगतो, तुटलेला दोर खिशात घालून घरी न्या. मी स्वतः वर्षानुवर्षं तो जेटीवर टाकून आलोय आणि त्याची मला लाज वाटते.

पौर्णिमेला उधाण, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचची ओहोटी चांगली खोल होती. मी, भाचा, त्या दिवशी फेरीबोटीची वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक जण आणि ते काका असे चौघं कोयते घेऊन खाली उतरलो. काका पाण्यात उतरू नका म्हटलं तरी उतरलेच. अंधार पडेपर्यंत कापत होतो, हाताला कालवांचे ओरखडेच ओरखडे. भाताची तीन पोती भरून जाळं निघालं आणि तरी बोल्टच्या खाली थोडं राहिलंय, ते अमावास्येला काढू.

तीन पोती सध्या माझ्या बलकावावर (ओसरीवर) पडून आहेत, वास येतोय आणि बायको रोज विचारते आहे. तीन ठिकाणी फोन केला, घ्यायला कोणी तयार नाही. गोव्यात जुनं नायलॉन जाळं कोण घेतं हे तुमच्या वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर कृपया ह्याच सदरात कळवावं, स्वतः गाडी करून पोचवतो.

आपला,
गरी टाकणारा एक वाचक, तिसवाडी