यमकाला थाप मारू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. तोंडावर मानायला गेलं की ‘चहा झाला का?’ म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. आता चारचौघांत ऐकून घ्यावं लागेल.

आमच्या बालवाडीत हवामानावरची यमकवाली चित्रपुस्तकं नव्हती असं नाही. पण त्यातला पाऊस जून उजाडला की हजर, हिरव्यागार डोंगरावर कोसळतोय आणि पोरं होड्या सोडतायत. एकात तर बर्फाचा माणूसही होता! आमची पोरं सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड. आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर. गाणं ती पटकन उचलतात, अर्थ मागाहून येतो. पण जुलै निम्मा सरला तरी मैदानात धूळच, आणि तोंडात मात्र ‘छत्री उघडा, छत्री उघडा’. मग एकाने विचारलंच, “बाई, पुस्तकातला पाऊस कधी येणार?”

नातवाला न्यायला आलेले तुम्ही दारात उभे होता. जन्म वेधशाळेत काढलेला माणूस तो प्रश्न सोडतोय कशाला! तुम्ही आत येऊन खाली सतरंजीवर बसलात आणि सह्याद्री काढलात. पश्चिमेकडून ढग येतात, घाट चढताना तिकडेच रिकामे होतात, आपण पलीकडच्या कोरड्या बाजूला. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा, सगळ्यात जास्त तेव्हाच पडतो, आणि त्याच्याच ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. “मग पुस्तकही सोलापूरचंच करा की,” असं म्हणून तुम्ही उठलात. करायचं कसं, हे मात्र आमच्यावर सोडून.

केलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू, रंगखडू, आणि शिवायला एका पालकाने कारखान्यातून आणलेलं उरलेलं सूत. जूनच्या पानावर आता हे आहे:

आले ढग, गेले ढग,
कोरडंच राहिलं आमचं जग!

एप्रिल-मेच्या पानावर आजी आहे, कारण पारा चाळीस अंशांपार गेला की आमच्याकडे तिचंच राज्य:

ऊन म्हणालं, ‘बाहेर ये!’
आजी म्हणाली, ‘ताक घे!’

वावटळीचं पान पोरांचं सगळ्यात लाडकं. ते म्हणताना गिरक्या घेऊन निम्मी पडतात.

गरगर गिरकी, वावटळ आली,
मैदानातून पळत निघाली.
पिशवी उडाली, कागद उडाले,
बाळूचे डोळे मिटून झाले!

इथवर तुम्ही नुसते हसत होता. विजेच्या पानाला अडलात. ढगावर ढग आदळतो आणि गडगडाट होतो, असं आपण सगळेच लहानपणी ऐकलेलं. यमकही त्याला झकास मिळतं. तुम्ही म्हणालात, यमक जुळलं म्हणून थाप खपवायची नाही, पोरगं हे जन्मभर धरून बसेल. वीज पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणात तीस हजार अंशांच्या घरात तापते, एकदम फुगते, त्याचा तो आवाज. ठीक आहे, पण हे चार वर्षांच्या पोराला चार ओळींत? तुम्ही वहीच ओढून घेतलीत. तुमच्या अक्षरातलं ते पान अजून जपून ठेवलंय:

आधी चमके वीजबाई,
मागून गडगड धावत येई.
वीज तापवी हवेला भारी,
हवा फुगून डरकाळी मारी!

आता वळवाचं आभाळ भरून आलं की वर्गात रडारड होत नाही, मोजणी होते. चमकली की एक, दोन, तीन... दर तीन आकड्यांना वीज एक किलोमीटर लांब. आमच्यातल्या काहींना दहापर्यंत अंक यायला लागले ते यामुळेच, पाटीमुळे नव्हे.

चित्रालाही तुम्ही सोडलं नाहीत. पावसात कडुनिंबाखाली उभी राहिलेली मुलगी आमच्या ताईंनी फार सुंदर काढली होती. तुम्ही म्हणालात, ही पोरगी तिथून हलवा. आपल्याकडे विजेने माणसं दगावतात ती शेतात, झाडाखाली. आणि आपणच पुस्तकातून झाड दाखवणार? ताई जरा हिरमुसल्या. मग मुलगी शाळेच्या दारात गेली आणि झाडाखाली कुणीच उरलं नाही. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकातली ही एकच दुरुस्ती झाली असती, तरी मी हे पत्र लिहिलं असतं. थेंबांची शेपटीही तुम्ही छाटायला लावलीत, थेंब लहान असला तर गोल आणि मोठा असला तर खालून चपटा. यावर मात्र पोरं अजून तुमच्याशी सहमत नाहीत. ती शेपटीवालाच काढतात.

पर्जन्यमापकाचा दिवस तर आम्ही विसरणार नाही. वर्गात प्लास्टिक अंथरलंत, मीटरभर लांब, मीटरभर रुंद, कडेने पट्ट्या उभ्या करून. त्यात लिटरभर पाणी ओतलंत. सगळे वाकून बघतायत, पाणी पसरून पसरून नखभरही होईना. “हा एक मिलिमीटर पाऊस.” पोरं म्हणाली, “एवढाच?” मग बाटली कापून, तिचं तोंड उलटं बसवून आपण मापक केला. तळाचा वाकडा भाग पाण्याने भरून तिथे शून्याची रेघ मारायची, ही युक्ती तुमची. वेधशाळेसारखं सकाळी साडेआठलाच वाचायचं, हा हट्टही तुमचाच. बालवाडी भरायच्या आधी मदतनीस मावशी ते वाचून फळ्यावर लिहितात. आकडा शून्य असला तरी लिहितात.

आणि नक्षत्रांची वाहनं! पावसाचं नक्षत्र यंदा बेडकावर येतंय की गाढवावर, हे आज्या पंचांगात बघतात. दाते पंचांग तर आपल्या गावचंच. वाटलं, तुम्ही या पानावर फुली मारणार. तुम्ही म्हणालात, आजी सांगते म्हणून ठेवा, फक्त त्यावरून पाऊस किती पडेल ते सांगू नका. त्यामुळे आमच्या पुस्तकात हत्ती, मोर, बेडूक आणि उंदीर मिळून मिरवणूक काढतात, अंदाज कुणीच देत नाही.

एक पान राहिलं, विमानाचं. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूरच्या आभाळात विमानातून ढगांवर बीजारोपणाचे, म्हणजे पाऊस वाढावा म्हणून ढगांत कण फवारण्याचे प्रयोग केले, ते मोठ्या भावंडांना घरी ऐकून माहीत आहे. “विमान ढग बनवतं का?” या प्रश्नाला तुम्ही इतकंच म्हणालात, “नाही. ढग आधी पाहिजे.” यमकात बसवता आलं नाही, म्हणून सोडून दिलं. दिलं ते बरंच झालं, पुस्तक लांबलं असतं.

पुस्तकाच्या रंगीत झेरॉक्स प्रती आता शेजारच्या दोन अंगणवाड्यांतही गेल्यात. तिथल्या ताईंनी वावटळीचं गाणं थोडं बदललंय, बाळूच्या जागी आपापल्या पोरांची नावं घालतात. चालेल ना? मी तुमच्या वतीने हो म्हणून बसले आहे.

काका, मनापासून आभार. आणि आता काम: गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतल्या थंडीचं पान अजून कोरं आहे. पहाटे हिप्परग्याच्या तलावावर धुकं असतं, ते कसं तयार होतं ते पोरांना कळेल असं सांगा आणि ‘धुकं’ला यमक घेऊन या. ‘मुकं’ आम्ही वापरून झालंय, ते नको. चहा झालेला असेल.

आपली,
बालवाडीच्या बाई