पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल अर्धीच माहिती

मा. संपादक, स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला पित्ताच्या खड्यांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय. दुर्बिणीनं पित्ताशय काढायच्या ऑपरेशनला चार छोटी भोकं, दुखणं कमी, दुसऱ्या दिवशी घरी, असं त्यात लिहिलंय, हे सगळं खरंय. पण पित्तनलिकेला, म्हणजे लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीला, इजा होऊ शकते हे एका ओळीतसुद्धा नाही?

माझ्या आक्काचं हेच दुर्बिणीचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी इथंच सोलापुरात झालं. दुसऱ्या दिवसापासून पोट फुगलेलं, जेवण जाईना, विचारलं की एकच उत्तर, गॅस आहे, चालायला लावा. तसंच घरी सोडलं. चौथ्या दिवशी आक्का खिडकीपाशी चहा घेत बसली होती, उजेडात तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले आणि माझे हातपायच गळाले. रात्रीच अँब्युलन्स करून पुण्याला नेलं. तिथं पोटात नळी घातली तर बाहेरच्या पिशवीत हिरवट पित्त भरायला लागलं. पित्ताशयाची बारीक नळी समजून लिव्हरकडून आतड्याकडे जाणारी मोठी नळीच कापली गेली होती. दोन महिने ती पिशवी कमरेला बांधून आक्का घरात वावरली, मग पोट उघडून आतडं वर घेऊन लिव्हरच्या नळीला जोडलं.

सूज असली की नळ्या ओळखू येत नाहीत, हे मला पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. पोट उघडून करायच्या जुन्या पद्धतीत हजारात एकदोघांना, दुर्बिणीत साधारण तीन ते पाच जणांना असं होतं म्हणे. पित्ताशयात जाणारी एक नळी आणि एक रक्तवाहिनी, दोन्ही स्पष्ट दिसल्याशिवाय काही कापायचं नाही हे तर १९९५ पासून सर्जन लोकांना शिकवतात, नाहीच दिसलं तर पोट उघडायचं, त्यात कसला कमीपणा? ऑपरेशनआधी आमच्या भाऊजींनी इंग्रजी संमतीच्या फॉर्मवर सही केली, त्यात काय लिहिलंय हे कुणी सांगितलं नाही.

आणि त्याच लेखाखाली त्याच ऑपरेशनच्या पॅकेजची अर्धं पान जाहिरात, हे बरं दिसत नाही साहेब.

पुढच्या पुरवणीत एवढं तरी छापा, ऑपरेशननंतर ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढत गेलं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी झाली तर त्याच दिवशी रक्त तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, गॅस म्हणून थांबू नका. आमचे तीन दिवस त्यातच गेले.

आपला एक जुना वाचक,
होटगी रोड, सोलापूर