निदान होईपर्यंत वेदना सोसायला लावू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांची सर्वांत मोठी तक्रार बहुधा वेदना हीच असते, तरीही उपचारांच्या क्रमात वेदनाशमनाची पाळी फार उशिरा येते. केसपेपर, रक्तदाब, रक्ताचे नमुने, एक्स-रे, सोनोग्राफी आणि वरिष्ठ डॉक्टरांची तपासणी हे सगळे आटोपेपर्यंत रुग्ण कळवळत पडून राहतो आणि ‘अजून निदान झालेले नाही, थोडे थांबा’ एवढेच उत्तर नातेवाइकांना मिळते.

या थांबवण्यामागे एक जुनी शिकवण आहे. पोटदुखीच्या रुग्णाला तपासणीपूर्वी मॉर्फिनसारखे तीव्र वेदनाशामक दिले तर लक्षणे झाकली जातील आणि अपेंडिक्स फुटल्यासारखा गंभीर प्रकार सर्जनच्या नजरेतून सुटेल, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना शिकवले गेले. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन नव्हते, निदान बव्हंशी हाताच्या स्पर्शावर अवलंबून होते, तेव्हा ही सावधगिरी समजण्यासारखी होती. पुढे मात्र तिची रीतसर पारख झाली. तीव्र पोटदुखीत अशी औषधे दिलेल्या रुग्णांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा वैद्यकीय संशोधनाची पडताळणी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. या औषधांमुळे रुग्णाचा त्रास कमी होतो आणि चुकीच्या निदानाचा धोका वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. एवढे स्पष्ट असूनही जुनी सवय सुटत नाही, याचे मला वाईट वाटते.

घरात पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णाची अवस्था पाहावी. स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर घेताना त्याला चादरीसकट उचलतात, बाहेर वळलेला पाय फोटोसाठी सरळ करायचा प्रयत्न होतो, आणि हे सारे पुष्कळदा वेदनाशामकाचा एक थेंबही न देता चालते. जांघेजवळ मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन प्रशिक्षित डॉक्टरला आपत्कालीन विभागातच देता येते. त्याने वेदना बरीच उतरते आणि गुंगी आणणारी औषधेही कमी लागतात. त्यातून रुग्णाला स्मृतिभ्रंश असेल तर ‘किती दुखते’ याचे उत्तर त्याला देता येत नाही. त्याचे कण्हणे, आक्रसलेला चेहरा, हात लावताच अंग आखडून घेणे, हीच त्याची तक्रार समजायला हवी. न बोलणाऱ्या लहान मुलांचेही तसेच आहे. मुलांना तर काही वेदनाशामके नाकात फवारूनही देता येतात, म्हणजे औषधासाठी आधी सुई टोचण्याचीही गरज उरत नाही.

मॉर्फिनची सवय लागेल किंवा श्वास मंदावेल, ही भीती डॉक्टरांना आणि नातेवाइकांनाही वाटते. ती अगदीच निराधार नाही, म्हणून तर मात्रा वजन आणि वय पाहून थोडी थोडी द्यायची, श्वासावर लक्ष ठेवायचे आणि परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन हाताशी ठेवायचे असते. शिवाय प्रत्येक वेळी मॉर्फिनच लागते असेही नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरातील व्रण नसेल तर मुतखड्याच्या कळांवर डायक्लोफेनॅकच्या गटातील औषधे उत्तम काम करतात, आणि मोडलेल्या हाताला वेळेवर फळी बांधली तरी निम्मे काम होते.

अडचण औषधांची कमी आणि व्यवस्थेची अधिक आहे. रुग्ण दारात येताच नाडी-रक्तदाबाबरोबर शून्य ते दहा या मापावर वेदना विचारून ती नोंदवावी, आणि ठरावीक मर्यादेत पहिले वेदनाशामक देण्याची लेखी मुभा प्रशिक्षित परिचारिकांना असावी, म्हणजे डॉक्टर दुसऱ्या अत्यवस्थ रुग्णात गुंतलेले असले तरी खोळंबा होणार नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातील तीव्र वेदनांसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी या रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये आगमनापासून तासाभरात पहिले औषध आणि त्यानंतर दर ३० ते ६० मिनिटांनी फेरतपासणी, अशी शिफारस केली आहे. अशी वेळेची चौकट प्रत्येक तीव्र वेदनेसाठी घालता येईल. फेरतपासणी यात फार महत्त्वाची, कारण एक इंजेक्शन टोचले की काम संपले असे मानले जाते आणि ते पुरले का, हे कोणी विचारत नाही.

प्रत्येक केसपेपरवर रुग्ण आल्याची वेळ आणि पहिले वेदनाशामक दिल्याची वेळ शेजारी शेजारी लिहावी, आणि या दोहोंतील अंतर रुग्णालयाने दरमहा तपासून विभागात सर्वांना दिसेल असे लावावे, अशी माझी रुग्णालय प्रशासनांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक