नावांसोबत वेळाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की बेळगावात संगीत महोत्सवांची पत्रके हाती येऊ लागतात आणि चौकाचौकांत कलाकारांच्या छायाचित्रांचे फलक लागतात. या दिवसांची वाट पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि म्हणूनच येत्या हंगामापूर्वी सर्व आयोजकांपुढे एक मागणी ठेवू इच्छितो.

गेल्या हिवाळ्यात शहरातील एका मैदानावर भरलेल्या महोत्सवाला गेलो होतो. पत्रिकेवर सायंकाळी साडेपाचची वेळ आणि चार कलाकारांची नावे होती. कोण किती वाजता मंचावर येणार, याचा उल्लेख कुठेच नव्हता. दीपप्रज्वलन, प्रायोजकांचे सत्कार आणि पाहुण्यांची मनोगते आटोपेपर्यंत सात वाजून गेले. ज्या ज्येष्ठ गायिकेला ऐकण्यासाठी खानापूर, निपाणीकडून मंडळी आली होती, त्या मंचावर बसल्या तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. गारठ्याने तानपुऱ्यांचे सूर हलले होते, ते जुळवण्यात आणखी थोडा वेळ गेला. मग बागेश्री रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सुरू झाला. बाई मध्यमाभोवती शांतपणे एकेक सूर मांडत होत्या, राग नुकता कुठे उभा राहत होता, तोच एक कार्यकर्ता मंचाच्या कडेने वाकत आला आणि त्याने तबलजींच्या मांडीशी एक चिठ्ठी ठेवली. तबलजींनी ठेका न सोडता ती वाचली आणि बाईंकडे पाहिले. त्या समेवर आल्या, क्षणभर थांबल्या आणि त्यांनी थेट द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश घेतली. पावणेदहाला मैफलीची सांगता करणारी भैरवी झाली आणि दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद झाला. माझ्या शेजारी बसलेल्या वयस्क गृहस्थांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि एक शब्दही न बोलता ते उठून गेले.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आजारी माणसे आणि परीक्षेला बसणारी मुले प्रत्येक गल्लीत असतात. परंतु हा नियम आयोजकांना आधीपासून ठाऊक असतो. तरीही दीड तास भाषणांना देऊन शेवटी कात्री लागते ती गाण्यालाच. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतरची बंदी बंदिस्त सभागृहाच्या आतील ध्वनियंत्रणेला लागू नाही, आणि सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. दरबारी, मालकंस, अडाणा हे रात्रीचे राग ऐकवायचे असतील, तर निदान शेवटचे सत्र नाट्यगृहात घेता येईल. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर याच शहरात आहे. त्यांच्या गावच्या श्रोत्यांना बागेश्री अर्धवट ऐकून घरी जावे लागावे, याची मला खरोखर खंत वाटते.

पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी पहाटेपर्यंत चालत असे. वेळेचे बंधन आल्यावर तेथील सत्रे दुपारीच सुरू होऊ लागली, आणि त्यातून एक चांगली गोष्ट घडली : भीमपलास, मुलतानी, पटदीप हे मैफलींत क्वचित वाट्याला येणारे दुपारचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळू लागले. ते सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेचे म्हणूनच ओळखले गेले. बेळगाव कुंदगोळ आणि मिरज या दोन गावांच्या मधोमध आहे. भीमसेनजींचे मराठी अभंग आणि दासपदे, म्हणजे कन्नड भक्तिगीते, आपल्याकडच्या घराघरांत सारख्याच प्रेमाने ऐकली जातात. इतका जाणता आणि दोन्ही भाषांत रमणारा श्रोता लाभलेल्या शहरात रविवारी दुपारी तीनला सत्र ठेवले, तर मांडव रिकामा राहील अशी भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून मागणी इतकीच, की पत्रिकेत प्रत्येक कलाकाराच्या नावापुढे त्याची वेळ छापावी, ख्यालगायकाला किमान सव्वा तास मिळावा आणि सत्कार पंधरा मिनिटांत उरकावेत. वेळ आधी कळली तर कडोली, येळ्ळूरच्या माणसाला शेवटची बस धरूनही हवे ते गाणे पूर्ण ऐकता येईल. आज तो बिचारा भाषणे ऐकून मुख्य गायनाच्या आधी उठतो.

त्याच पत्रिकेत तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावेही असावीत. अनेकदा ही मंडळी आपल्याच गावातली असतात आणि परगावच्या गायकाला तालमीविना ऐनवेळी तोलून धरतात, पण त्यांचे नाव निवेदकाच्या तोंडून एकदाच, तेही घाईत ऐकू येते. त्या रात्री चिठ्ठी वाचूनही ज्यांनी लय तसूभर ढळू दिली नाही, त्या तबलजींचे नाव मला दुसऱ्या दिवशी चार जणांना विचारावे लागले.

आपला,
एक नियमित श्रोता,
टिळकवाडी, बेळगाव